नेमबाजी, दुचाकी आणि रोजचं ऊन : डोळ्यांना खरं संरक्षण देणारा गॉगल कसा निवडायचा?

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सकाळी जे घडलं ते ताजं आहे तोवर लिहून काढतो. मला एक खरेदी करायची आहे आणि ती आता चुकवायची नाही.

मी कोल्हापूरचा. दीड वर्षापासून दर रविवारी पॉइंट टू-टू पिस्तुलाचा २५ मीटरचा सराव करतो. आठवडाभर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणं-येणं, तेही दुचाकीवर. उणे सव्वादोनचा नंबर आहे आणि गेल्या वर्षी चाळिशीही लागली. नंबरासाठी लेन्स लावतो आणि वरून गॉगल घालतो.

आज डावीकडच्या लेनवरचे काका भराभर पाच-पाचच्या मालिका मारत होते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं पितळी टरफल, उजवीकडे उडते, म्हणजे नेमकी माझ्या बाजूला. दोन लेनच्या मध्ये जाळी असते, पण आमच्याकडची वरच्या कोपऱ्यात फाटली आहे. एक पुंगळी तिथून आली, भुवईवर आपटली आणि भुवई व गॉगलची वरची कड यांच्यातल्या फटीतून आत घसरली. पापणी आणि काच यांच्यामध्ये गरम पितळ अडकलं. माझ्या हातात भरलेलं पिस्तूल होतं. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे, पिस्तूल टेबलावर, मगच हात चेहऱ्याकडे. आमच्या सरांनी पहिल्या दिवसापासून हे अंगात मुरवलं नसतं तर आज काय झालं असतं, याचा विचार करायलाही नको वाटतो.

पापणीवर तांदळाएवढा फोड आला आहे. दिसतं व्यवस्थित.

घरी येऊन गॉगल उजेडात धरला. डाव्या काचेत, नाकाजवळच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर गेली आहे. पुंगळीचा मार होता की आधीचीच होती, सांगता येत नाही. मॉलमधल्या दुकानातून तीन हजार दोनशेला घेतलेला गॉगल. काडीवर 'यूव्ही ४००' आणि 'पोलराइज्ड' असं छापलं आहे. विक्रेता म्हणाला होता, "स्पोर्ट्सला बिनधास्त वापरा." मी वापरला.

तर मला विचारायचं आहे ते असं : रेंज, दुचाकी आणि कामावर शॉप फ्लोअरची चक्कर, या तिन्हीला चालेल असा एकच गॉगल मिळतो का? काच कुठल्या रंगाची घ्यावी? नंबर त्यातच बसवावा का? चार-पाच हजारांपर्यंत तयारी आहे. ज्यांनी वापरून पाहिलं आहे त्यांनी लिहा.

घाटमाथा | रविवार, रात्री ९:३२

दादा, बाकी सगळं नंतर. उद्या सकाळी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. "दिसतं व्यवस्थित" यावर विसंबू नका.

दृष्टीमित्र | रविवार, रात्री १०:०५

घाटमाथांना पूर्ण अनुमोदन. पुंगळीच्या तोंडाशी जळक्या दारूचे कण असतात. एखादा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बसला असेल तर आज फक्त खुपल्यासारखं वाटेल, उद्या डोळा लाल होईल. चोळू नका. काँटॅक्ट लेन्स काढली नसेल तर काढा आणि डॉक्टर सांगेपर्यंत परत घालू नका.

मी सांगलीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारा, सतरा वर्षं हेच काम करतो. तुमच्यासारखे चिरलेले गॉगल दर महिन्याला हातात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात दोन वेगळ्या गोष्टी 'गॉगल' या एकाच नावाने विकतात. ऊन अडवणं ही एक आणि मार अडवणं ही दुसरी. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण काच अडवते. दगड लागला तर तिचं काय होईल याबद्दल ते अक्षरही बोलत नाही. 'पोलराइज्ड' म्हणजे सपाट पृष्ठभागावरून परतणारी चमक कापली जाते, एवढंच. तुमच्या काडीवर जे छापलं होतं ते कदाचित खरंच असेल. फक्त तुम्हाला हवं होतं ते त्यात नव्हतं.

आता काच. आपण सवयीने काच म्हणतो, पण ती कशाची आहे यावर सगळं ठरतं. खरी काच फुटली की तिचे तुकडे डोळ्यातच जातात, ती या कामाला बाद. नंबरच्या चष्म्यात सीआर-३९ नावाचं प्लास्टिक वर्षानुवर्षं चालतं. त्यातून दिसतं सुंदर, पण जोराचा मार बसला की तेही धारदार तुकड्यांत फुटतं. स्वस्त पोलराइज्ड गॉगलमध्ये बहुतेक वेळा पातळ थर एकमेकांवर चिकटवलेली काच असते, तिला धंद्यात 'टॅक' म्हणतात. कोपऱ्यातून केसासारखी चीर म्हणालात, त्यावरून तुमची तीच असावी असं वाटतं.

मार सोसायला पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, दोन्ही चिवट प्लास्टिकच. पॉलिकार्बोनेट मार बसल्यावर दबतं, त्याला खळगा पडतो, पण ते सहसा फुटत नाही. शिवाय ते पूर्ण पारदर्शक असलं तरी बहुतेक अतिनील किरण स्वतःच अडवतं. हे गिऱ्हाइकाला पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. काळेपणाचा आणि अतिनील संरक्षणाचा काही संबंध नाही. उलट, अतिनील न अडवणारी काळी काच साध्या डोळ्यांपेक्षा वाईट. अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते आणि त्या उघड्या दारातून किरण आत जातात.

पॉलिकार्बोनेटची खोड म्हणजे ओरखडे. धूळ बसलेली काच शर्टाच्या टोकाने पुसली की संपली. आधी नळाखाली धरायची, साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड. थिनर किंवा ॲसिटोन कधीच लावू नका. काचेवर बारीक जाळं पडतं आणि तिची ताकद जाते. एमआयडीसीत हातपाय पुसायला थिनर सर्रास असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

अटकेपार | रविवार, रात्री ११:४८

काळजी घ्या, पंचगंगाकाठ. मी इलिनॉयमध्ये राहतो आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. इथल्या बऱ्याच रेंजवर डोळ्यांना आणि कानांना संरक्षण असल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे चष्म्यावरचे शिक्के वाचायची सवय लागली आहे. ते कसे वाचायचे ते लिहितो.

अमेरिकी मानकाचं नाव एएनएसआय झेड८७.१. चष्म्यावर नुसतं 'झेड८७' असेल तर ती साधी पातळी. तुम्हाला हवं आहे 'झेड८७+', त्या अधिकच्या चिन्हासकट, काचेवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे. ते मिळवण्यासाठी अर्धा किलोचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून काचेवर सोडतात आणि पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला साधारण ४६ मीटर वेगाने मारतात. काच फुटली, चिरली किंवा फ्रेममधून निसटली तर नापास. हा निसटण्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. काच अभंग राहिली आणि फ्रेममधून सुटून डोळ्यावर आपटली तर काय उपयोग?

युरोपचा ईएन १६६. तिथे अक्षरं असतात. 'एफ' म्हणजे ४५ मीटर वेगाची गोळी, 'बी' म्हणजे १२० मीटर. काड्यांच्या चष्म्याला 'एफ'च मिळू शकतो, 'बी'साठी डोळ्यांभोवती घट्ट बसणारा, पट्ट्याचा गॉगल लागतो. 'के' असेल तर ओरखड्यांची चाचणी झाली आहे, 'एन' असेल तर धुकं धरण्याची. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ५९८३ आहे, सेफ्टी गॉगलच्या खोक्यावर दिसतं.

याहून वरचं म्हणजे सैन्याचं मानक. त्यात जेमतेम पावणेचार मिलिमीटर जाडीचा पोलादी तुकडा सेकंदाला १९५ ते २०० मीटर वेगाने मारतात. ज्या चष्म्यांना 'बॅलिस्टिक' म्हणतात त्यांनी ही चाचणी पार केलेली असावी लागते. पण तो शब्द जाहिरातीत कुणीही छापतो, म्हणून पूर्ण नाव शोधा : एमआयएल-पीआरएफ-३२४३२. ते लिहिलेलं नसेल तर 'बॅलिस्टिक' या शब्दाला किंमत देऊ नका. ओकली, ईएसएस, वायली एक्स या कंपन्यांची काही मॉडेलं त्यात बसतात, सगळी नाहीत. ओकलीचे रोजचे फॅशनचे गॉगल आणि त्यांचे सैन्यासाठीचे चष्मे या वेगळ्या वस्तू आहेत. नावावर जाऊ नका, शिक्क्यावर जा.

सईची_आई | सोमवार, सकाळी ७:२०

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून बालेवाडीत १० मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. एअरगनला दारू नाही, गरम पुंगळी नाही, म्हणून आम्ही डोळ्यांचा विचारच केला नव्हता. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. तिला लागेल का असा चष्मा? ती "मला नीट दिसत नाही" म्हणून काहीच घालायला तयार नसते.

जुना_नेमबाज | सोमवार, सकाळी ९:०२

ताई, इतकं घाबरू नका. मी चोवीस वर्षं रायफल मारली, डोळ्यावर कधी काही घातलं नाही. प्रोन पोझिशनला, म्हणजे पालथं झोपून मारताना, गॉगल नाकावरून घसरतो, मान अवघडते, काचेच्या कडेतून बघावं लागतं आणि नेम बिघडतो. पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचने रोजचा साधा चष्मा लावून रौप्य घेतलं, सगळ्या जगाने पाहिलं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. या उंचीला पोचणाऱ्यांचं सगळं लक्ष नेमावर असतं. मुलीच्या डोक्यात आतापासून भीती घालू नका, एवढंच माझं मत.

दृष्टीमित्र | सोमवार, सकाळी १०:१५

जुना_नेमबाज काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून असहमती नोंदवतो.

दिकेचचा चष्मा नीट दिसण्यासाठी होता. नेमबाज एका डोळ्याला भिंग, दुसऱ्यावर झापड आणि पुढे लहानमोठं होणारं छिद्र असलेली जी लोखंडी फ्रेम लावतात, तीसुद्धा दिसण्यासाठीच असते, तिने बाजूने काहीच अडत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घालण्याची सक्ती नाही, पण आग्रह स्पष्ट शब्दांत आहे.

सईच्या आईंसाठी हिशेब मांडतो. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. म्हणजे ऊर्जा सात जूलच्या घरात. झेड८७+ ची पोलादी गोळी साधारण एक ग्रॅमची, तिची ऊर्जा एक जूलच्या थोडी वर. पिस्तूल रायफलपेक्षा हळू मारतं, तरी फरक मोठाच राहतो. याचा अर्थ, थेट लागणाऱ्या छऱ्यापासून कुठलाही साधा सेफ्टी चष्मा हमी देत नाही, म्हणून रेंजची शिस्त पहिली आणि चष्मा नंतर. पण चष्मा ज्याच्यासाठी आहे तो धोका थेट छऱ्याचा नाही, उलटून येणाऱ्या तुकड्याचा आहे. शिशाचा छर्रा टार्गेटमागच्या चांगल्या पेटीत चपटा होऊन खाली पडतो. पेटीची चौकट, सैल स्क्रू, फळीतला खिळा अशा कठीण जागी लागला तर तुकडा मागे येतो, वेग बराच गमावून. तेवढा मार झेड८७+ आरामात झेलतं.

घरच्या एअरगनमध्ये पोलादी गोळ्या घालून अंगणात डबे उडवतात, तिथे मला खरी भीती वाटते. पोलाद चपटं होत नाही, जवळपास आलं तसं परततं. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांच्या डोळ्यांची गोष्ट इथे लिहवत नाही.

आणि ताई, मुलीला नीट दिसत नाही म्हणते तर तिचं ऐका. बहुतेक क्लबमध्ये मोठ्या माणसांचे चष्मे पडलेले असतात. ते लहान चेहऱ्यावर घसरतात आणि ओरखड्यांनी धुरकट झालेले असतात. लहान मापाचा, नवा, पूर्ण पारदर्शक चष्मा घेऊन द्या. झेड८७ मध्ये लहान डोक्याच्या मापाला 'एच' असा शिक्का असतो. आणि एकदा तिचा नंबरही तपासा.

बारा_बोअर | सोमवार, दुपारी १:४०

रंगाबद्दल मी लिहितो. ट्रॅप मारतो, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या बंदुकीने टिपतो, नॅशनलसाठी दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर दोनदा जाऊन आलो.

आमच्या खेळात चष्मा न घातलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ११० मिलिमीटरची तबकडी हवेत फुटते आणि तिचे तुकडे सगळीकडे जातात. स्कीट या तबकडीच्याच दुसऱ्या प्रकारात तर ती डोक्यावरून येते, फुटली की खडे अंगावर पडतात. वारा समोरून असला की न जळलेल्या दारूचे कण तोंडावर येतात.

रंग असा ठरतो की तबकडी कशापुढे दिसते. तबकडी नारिंगी. मागे ढगाळ, राखाडी आभाळ असेल तर पिवळी काच : निळसर धूसरपणा कापला जातो आणि नारिंगी उठून दिसतो. मागे हिरवी झाडी असेल तर जांभळट काच. ती हिरव्याला दाबते, त्यामुळे झाडी मागे सरकल्यासारखी होते आणि तबकडी पेटल्यासारखी पुढे येते. पहिल्यांदा लावली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. भर उन्हात तपकिरी किंवा शेंदरी. संध्याकाळी शेवटच्या फेरीला पूर्ण पारदर्शक. नियम एकच : डोळे बारीक करावे लागणार नाहीत इतपत गडद, त्यापुढे एक छटाही नको.

पण पंचगंगाकाठ, हे सगळं तबकडीचं. पिस्तुलाला पांढऱ्यावर काळं टार्गेट असतं, तिथे रंगाचा एवढा उपयोग नाही. आणि ती पिवळी काच रात्री गाडी चालवताना लावू नका. 'नाइट ड्रायव्हिंग' म्हणून विकतात. उजळ वाटतं खरं, पण प्रकाश कमीच होतो. रात्री जेवढा उजेड मिळेल तेवढा डोळ्यात जायला हवा.

सागरवेळा | सोमवार, दुपारी ४:०५

पोलराइज्डची बाजू घेतो. आमचं मालवणला बोटीचं काम. पाण्यावरची चमक डोळे फोडते आणि पोलराइज्ड लावला की पाण्याखालचा खडकही दिसतो. दिवसभर समुद्रावर असणाऱ्या आमच्या जुन्या लोकांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढतं, नाखुना म्हणतात त्याला. वडिलांचं दोनदा ऑपरेशन झालं. बाजूने उजेड आत येणार नाही असाच गॉगल घ्या, समोरून कितीही काळा असला तरी बाजू उघडी असेल तर ऊन आत येतंच.

दृष्टीमित्र | सोमवार, संध्याकाळी ६:३०

सागरवेळा, समुद्रावर पोलराइज्डच हवा, शंकाच नाही. नाखुन्याचं निरीक्षणही अगदी बरोबर, ऊन, वारा आणि क्षार यांचा तो परिणाम आहे.

रेंजवर मात्र पोलराइज्ड नको. आता बऱ्याच रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत, गुण शेजारच्या पडद्यावर येतात. पोलराइज्ड काचेतून त्या पडद्याकडे ठराविक कोनातून पाहिलं की तो काळा पडतो. दुचाकीच्या डिजिटल मीटरचं आणि मोबाइलचंही तेच. शिवाय ओल्या रस्त्यावरची आणि सांडलेल्या ऑइलवरची चमक ही दुचाकीस्वाराला सूचना असते, ती पुसली जाते. यावर मतभेद आहेत. माझं मत मी दिलं.

पंचगंगाकाठ, आता तुमचा मुख्य प्रश्न. पिस्तूल मारताना तुम्हाला स्पष्ट दिसायला हवी ती फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हात लांब केल्यावर जेमतेम मीटरभरावर. टार्गेट थोडं धूसर चालतं. चाळिशी नसलेला डोळा हे स्वतः जमवून घेतो, तुमचा आता घेणार नाही. म्हणून नेमबाजीच्या काचेत साधारण अर्ध्या नंबरची सवलत देतात : उणे सव्वादोनऐवजी उणे पावणेदोन. नेमका आकडा पिस्तूल धरलेल्या स्थितीत मोजून ठरवायचा. पण तोच नंबर लावून हायवेला गेलात तर लांबची पाटी उशिरा वाचता येईल. म्हणजे एकच नंबर दोन्हीला बसत नाही.

काळ्या काचेचंही तसंच. तुमचा फायरिंग पॉइंट शेडमध्ये आणि टार्गेट उन्हात. गडद काच लावली की बाहुली मोठी होते आणि साइट व टार्गेट दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी दिसण्याची सोय कमी होते. फोटो काढणाऱ्यांना हे लगेच कळेल : छिद्र जेवढं बारीक तेवढं जास्त अंतर स्पष्ट. म्हणून रेंजवर पारदर्शक किंवा अगदी हलकी छटा, रस्त्यावर गडदपणाच्या श्रेणी ३ ची. श्रेणी ४ घेऊच नका, ती हिमशिखरांसाठी आहे, गाडी चालवायला चालत नाही.

यातून वाट अशी निघते : फ्रेम एक, काचा दोन, आत नंबरची छोटी फ्रेम. मार सोसणारी बाहेरची काच बदलता येते आणि नाकाजवळ आतून नंबरची जोडी अडकवता येते. असे चष्मे मिळतात. नंबरच्या जोड्या दोन करून घ्या, एक रेंजची, एक रस्त्याची, दोन्ही पॉलिकार्बोनेटमध्ये.

रानमळा | सोमवार, रात्री ९:१५

मी बंदूक कधी हातात धरली नाही, पण हे सगळं नेटाने वाचलं. आमचा वाळवा तालुक्यात ऊस आहे. गेल्या वर्षी बांधावर ब्रश कटर चालवताना खडा उडून भावाच्या गालात रुतला, डोळ्याच्या बोटभर खाली. आणि तोडणीच्या वेळी पाल्याचं टोक डोळ्यात जाणं हे तर दर हंगामात होतं. लोक दूध घालतात, झाडपाल्याचा रस घालतात. आम्हाला परवडेल असं काय आहे?

दृष्टीमित्र | सोमवार, रात्री ९:५०

रानमळा, बरं झालं लिहिलंत. माझ्याकडे नेमबाज वर्षाला दोन येतात, उसाचं पातं लागलेले डझनांनी येतात. पात्याने बुबुळाला ओरखडा पडतो, त्यात बुरशी शिरते आणि आठ-दहा दिवसांनी पांढरा ठिपका दिसायला लागतो. तोवर उशीर झालेला असतो. त्यात दूध किंवा रस घातला की आगीत तेल. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणणं तर त्याहून घातक, बुरशी झपाट्याने वाढते. पातं लागलं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. डोळ्यात काही घुसलेलं असेल तर उपसायचं नाही, दाबायचं नाही, कागदी कप उलटा धरून झाकायचा आणि निघायचं.

परवडण्याचं म्हणाल तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांपर्यंत मिळतो. शिक्का पाहून घ्या. तोडणीच्या टोळीला एकदम डझनभर घ्या. ब्रश कटरला त्यावर जाळीचा मुखवटा हवा. नुसती जाळी पुरत नाही, बारीक कण आत येतात.

बारा_बोअर | सोमवार, रात्री १०:२०

एक राहिलं. काड्या पातळ आणि चपट्या बघा. जाड काडीवर कानाचे मफ बसवले की फट राहते आणि आवाज आत येतो. आपण डोळे वाचवायला जातो आणि कान घालवून बसतो. दुकानात जाताना मफ सोबत न्या. लावून पाहा, मान खाली घाला, डोकं हलवा. भुवईवर करंगळी ठेवा : ती चष्म्याच्या कडेखालून आत शिरली तर पुंगळीही शिरेल.

जुना_नेमबाज | मंगळवार, सकाळी ८:४०

दृष्टीमित्र, हिशेब वाचला. छर्रा उलटून आलेला मी एकदा पाहिला आहे, शेजारच्याच्या गालाला लागला होता. तेव्हा आम्ही ते विसरून गेलो. सईच्या आई, माझं कालचं म्हणणं मागे घेतो, मुलीला चष्मा घ्या. सवय लहानपणी लागते, आमच्या वयात ती जड जाते. तिला सांगा, पहिले दोन आठवडे गुण घसरतील, मग परत येतील.

सईची_आई | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, मनापासून आभार. आजच नंबर तपासायला नेते.

पंचगंगाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:५०

उशिरा लिहितो आहे, आधी पापणी बरी होऊ दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बुबुळावरून एक काळा कण काढला. दृष्टीमित्रांनी लिहिलं होतं तोच, जळक्या दारूचा. तो तिथेच राहिला असता तर मी "दिसतं व्यवस्थित" म्हणत आठवडा काढला असता.

चष्मा घेतला. काचेवर आणि फ्रेमवर झेड८७+, काचा दोन, एक पारदर्शक, एक गडद, आत नंबरची छोटी फ्रेम. चष्मा तीन हजार आठशेला आणि नंबरच्या दोन जोड्यांचे वेगळे. बजेट ओलांडलं, पण त्याचं वाईट वाटत नाही. एका दुकानात बाहेरची काच जास्त गोलाईची होती, तिच्यातून बाजूचं सगळं वाकडं दिसत होतं, ते घेतलं नाही. करंगळीची परीक्षा पाच चष्म्यांवर केली, तीन नापास झाले.

आज रेंजवर पहिल्यांदा लावला. उणे पावणेदोनच्या काचेतून फ्रंट साइटच्या कडा इतक्या स्वच्छ दिसल्या की गेलं वर्षभर मी अंदाजाने मारत होतो हे लक्षात आलं. पहिली पंचवीस मिनिटं काच आतून धुरकटली, कोल्हापूरची ही हवा. टोपीचा पुढचा भाग जरा वर केल्यावर वारा खेळला आणि निवळली. रस्त्यावर गडद काच चांगली आहे, फक्त हेल्मेटच्या आत काड्या टोचतात, कानामागे पातळ कापडी पट्टी लावली आहे.

रानमळा, तुमच्यासाठी : आमच्या फाउंड्रीत पारदर्शक सेफ्टी गॉगल घाऊक येतात. दोन डझन तुमच्या टोळीसाठी बाजूला काढून ठेवले आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पुढच्या शनिवारी इस्लामपूरला येणं आहे, सोबत घेऊन येतो.

आणि जाळी शिवली. डावीकडच्या लेनवरचे काका आणि मी दोघांनी मिळून, नायलॉनच्या दोरीने, सराव सुरू व्हायच्या आधी. काकांनी शेजारच्या तीन लेनच्याही तपासल्या. पाचव्या लेनची खालून सुटली आहे, ती पुढच्या रविवारी.